पाळक, डायोसिस आणि प्रोटेस्टंट संस्था: गोव्यातील मराठी वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, सांगली, बेळगाव, सिंधुदुर्ग या भागांतून नोकरीधंद्यासाठी गोव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमध्ये काही प्रोटेस्टंट घरेही आहेत. त्यांच्याकडून, त्यांच्या शेजाऱ्यांकडून आणि सोयरिकीच्या निमित्ताने चौकशी करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसरीकडे लागल्यास केवळ प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फादर, पाद्री, पाळक, रेव्हरंड: कोणाला काय म्हणायचे?

कॅथलिक धर्मगुरूंना 'फादर' म्हणतात. मराठी प्रोटेस्टंट मंडळीच्या धर्मसेवकाला 'पाळक' आणि समोरासमोर 'पाळकसाहेब' म्हणतात. लिहिताना नावापूर्वी 'रेव्हरंड' लावतात. 'पाद्री' हे जुने संबोधन दोघांनाही लागू होत असले, तरी गोव्यात ते ऐकताच लोकांना इगर्जीतले फादरच आठवतात. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या, परंपरेत दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत: डिकन (साहाय्यक सेवक), प्रेस्बिटर (पूर्ण दीक्षित पाळक) आणि बिशप. उपासनेच्या वेळी पोशाखावरूनही फरक ओळखता येतो. डिकनचा स्टोल (कापडाचा लांब पट्टा) डाव्या खांद्यावरून तिरका जातो, तर प्रेस्बिटरचा गळ्याभोवतून दोन्ही बाजूंनी सरळ खाली येतो.

२. गोव्यातले सगळे ख्रिस्ती कॅथलिकच ना? मग प्रोटेस्टंट आले कुठून?

बहुसंख्य कॅथलिक आहेत आणि त्याचे कारण उघड आहे. पोर्तुगीज राजवटीत कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म होता, आणि १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी ठरविलेल्यांवर खटले चालविणारी कॅथलिक न्यायसभा, मधली काही वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चालू होती. अशा ठिकाणी प्रोटेस्टंट मिशनला पाय रोवणे शक्यच नव्हते. तरीही अँग्लिकन माणसे येथे येऊन गेली. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात ब्रिटिश फौजेची तुकडी गोव्यात तळ देऊन होती. काबो येथील राज्यपालांच्या निवासस्थानाजवळचे लहानसे ब्रिटिश कबरस्तान ही त्या काळाची खूण आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे चॅप्लिन (कंपनीने नेमलेले अँग्लिकन धर्मगुरू) क्लॉडियस ब्युकॅनन यांनी जानेवारी १८०८ मध्ये गोव्याला भेट दिली. इन्क्विझिशनच्याच एका अधिकाऱ्याचा पाहुणचार घेत त्यांनी त्या न्यायसभेची चौकशी केली आणि पुढे इंग्लंडमध्ये ती प्रसिद्धही केली. यजमानांना हे कितपत रुचले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मराठी प्रोटेस्टंटांचा उगम मात्र या ब्रिटिशांत नसून गोव्याच्या शेजारी आहे. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० मध्ये सुरू झाले आणि तेथील छावणीचे सेंट मेरीज हे अँग्लिकन चर्च १८६९ मध्ये प्रतिष्ठित झाले. कोल्हापूर, सांगली, मिरज, रत्नागिरी आणि गोव्याच्या हद्दीला खेटून असलेले वेंगुर्ले येथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या शाळा, मंडळ्या आणि दवाखाने उभे राहिले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, १९११ मध्ये धर्म आणि राज्य यांची फारकत झाली. परंतु ये-जा खऱ्या अर्थाने खुली झाली ती १९६१ च्या मुक्तीनंतर.

३. अँग्लिकन चर्च म्हणजे इंग्रजांचे चर्च. इंग्रजांबरोबर ते गेले नाही का?

ते गेले नाही. त्याचे रूप बदलले. भारतातील अँग्लिकन चर्च १९३० मध्येच चर्च ऑफ इंग्लंडपासून कायद्याने वेगळे झाले होते. २७ सप्टेंबर १९४७ रोजी दक्षिणेतील अँग्लिकन, मेथडिस्ट आणि आधीच एकत्र आलेल्या प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून चर्च ऑफ साउथ इंडिया झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले. त्यांत अँग्लिकनांबरोबर आधीच एका चर्चमध्ये आलेले प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल, तसेच बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रेद्रेन आणि डिसायपल्स या परंपरा होत्या. दोन्ही चर्च जागतिक अँग्लिकन परिवाराचे सदस्य आहेत. म्हणून आज भारतात 'अँग्लिकन पाळक' म्हणताना बहुधा या संयुक्त चर्चचे पाळक अभिप्रेत असतात, आणि त्यांच्या आजोबांची मंडळी अँग्लिकन नसून प्रेसबिटेरियन असण्याचीही तेवढीच शक्यता असते. एकीकरणात सामील न झालेल्या अनेक मंडळ्या अर्थातच वेगळ्या आहेत.

४. डायोसिस म्हणजे नेमके काय? एकाच गोव्यात दोन बिशपांचा अधिकार कसा चालतो?

एका बिशपच्या देखरेखीखालील प्रदेश आणि त्यातील मंडळ्या मिळून डायोसिस होतो. मराठीत त्याला धर्मप्रांत म्हणतात. एक किंवा अधिक मंडळ्यांचे पॅस्टोरेट, अनेक पॅस्टोरेटांचा डायोसिस आणि सर्व डायोसिसांवर सिनॉड, म्हणजे चर्चची सर्वोच्च सभा, अशी ही उतरंड आहे. गोव्याच्या कॅथलिक आर्चडायोसिसचा सीएनआयशी काहीही प्रशासकीय संबंध नाही. दोघांचे नकाशे एकाच भूमीवर पसरलेले असले, तरी प्रत्येकाचा अधिकार आपापल्या सभासदांपुरता असतो. दक्षिणेतील राज्ये वगळता भारताचा उरलेला प्रदेश सीएनआयच्या कार्यक्षेत्रात येतो, तर शेजारच्या कर्नाटकात चर्च ऑफ साउथ इंडिया आहे. त्यामुळे बेळगाव किंवा धारवाडहून आलेले कुटुंब आणि कोल्हापूरहून आलेले कुटुंब यांची मूळ सभासदत्वे निरनिराळ्या चर्चमध्ये असू शकतात. परंतु त्यांच्यात परस्पर प्रभुभोजनाची (भाकर व द्राक्षरसाच्या विधीत सहभागी होण्याची) मोकळीक आहे, आणि मूळ पाळकांचे पत्र आणल्यास नव्या मंडळीत नाव नोंदविता येते.

ऐतिहासिकदृष्ट्या पाहता पश्चिम भारताचा अँग्लिकन डायोसिस मुंबईचा होता. तो १८३७ मध्ये स्थापन झाला, थॉमस कार हे त्याचे पहिले बिशप झाले आणि १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च त्याचे कॅथीड्रल ठरले. नाशिकचा डायोसिस त्यातून १९२९ मध्ये वेगळा निघाला.

५. मंडळीत शेवटचा शब्द कोणाचा: बिशपचा, पाळकांचा की कमिटीचा?

विषयावर अवलंबून आहे. उपासना, प्रभुभोजन आणि शिकवण यांची जबाबदारी पाळकांची असते. हिशेब, दुरुस्ती, वर्गणी आणि कार्यक्रम हे सभासदांनी निवडलेली पॅस्टोरेट कमिटी पाहते, आणि तिचे अध्यक्षपद सामान्यतः पाळकांकडेच असते. नेमणूक, बदली, दीक्षा आणि दृढीकरण (बाप्तिस्मा घेतलेल्याने आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याचा विधी) हे बिशपच्या हाती असते. मात्र बिशपही एकटे राज्य करीत नाहीत. डायोसिसन कौन्सिलमध्ये पाळकांबरोबर मंडळ्यांचे प्रतिनिधीही बसतात, आणि नव्या बिशपसाठी नावे सुचविण्याचा अधिकार याच कौन्सिलला असतो. अंतिम निवड सिनॉडच्या पातळीवर होते. कॅथलिक पद्धतीत बिशपची नेमणूक पोप करतात, हे लक्षात घेतल्यास फरक कळतो. निवडणूक आली की गटबाजीही येते, आणि मतदारयादीत कोणाचे नाव का गळले यावरून मंडळीत उठणारे वाद कोणत्याही सहकारी सोसायटीच्या सभेत शोभून दिसतील असेच असतात.

६. पाळक होण्यासाठी काय शिकावे लागते?

आधी मंडळीची शिफारस, मग डायोसिसची निवड, त्यानंतर ईश्वरविज्ञानाचे शिक्षण असा क्रम आहे. सेरामपूरच्या सिनेटची बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही प्रचलित पदवी असून ती कोलकात्याचे बिशप्स कॉलेज किंवा बंगळुरूचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज अशा ठिकाणी मिळविता येते. मराठी मुलांना जवळचे म्हणजे पुण्याचे युनियन बिब्लिकल सेमिनरी; ते आधी यवतमाळला होते. पदवीनंतर परिविक्षेचा काळ, मग डिकन म्हणून सेवा आणि त्यानंतर प्रेस्बिटरची दीक्षा. पदवी मिळाली म्हणून दीक्षा मिळालीच पाहिजे, असा हक्क कोणालाही नसतो.

७. पाळकांना पगार कोण देते?

शेवटी मंडळीच देते, परंतु अनेक डायोसिसांत तो थेट मंडळीच्या पेटीतून दिला जात नाही. प्रत्येक पॅस्टोरेटने ठरलेला वाटा डायोसिसकडे पाठवायचा आणि डायोसिसने वेतनश्रेणीप्रमाणे सर्व पाळकांना द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे मोठ्या शहरी मंडळीचे आणि पन्नास घरांच्या खेड्यातल्या मंडळीचे पाळक निदान कागदावर तरी सारखे ठरतात. पेटीत येणारे पैसे म्हणजे मासिक वर्गणी, रविवारचे दान, काहींचा दशमांश आणि कापणीच्या सणाचे अर्पण. त्या सणाला नारळ, तांदूळ, घरची कोंबडी, केकसुद्धा वेदीपुढे येतात आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. एखाद्या भोपळ्याला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते, तो विकत घेणारा तो पुन्हा दान करतो, आणि तोच भोपळा दुसऱ्यांदा लिलावात उभा राहतो.

राहण्यासाठी घर मिळते, पण ते नेमणुकीपुरते. बदली झाली की मुलांची शाळा बदलते, आणि निवृत्तीच्या दिवशी डोक्यावर स्वतःचे छप्पर असेलच असे नाही. पाळकांच्या आयुष्यातील ही सर्वांत मोठी चिंता आहे आणि मंडळ्या तिच्याविषयी फारच कमी बोलतात, असे या संकलकाचे मत आहे.

८. रविवार सोडला तर पाळक करतात काय?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी थोड्या खोचकपणे विचारला जातो. आजाऱ्यांच्या भेटी, घरोघरच्या प्रार्थनासभा, दृढीकरणाचे वर्ग, विवाहापूर्वीचे समुपदेशन, अंत्यविधी, तंट्यांत मध्यस्थी, ट्रस्टचे आणि शाळेचे कागद, डायोसिसच्या बैठका, आणि या सर्वांतून वेळ काढून रविवारच्या संदेशाची तयारी, असा आठवडा असतो. गोव्यासारख्या ठिकाणी सभासद वास्कोपासून म्हापशापर्यंत विखुरलेले असल्यास एका संध्याकाळी दोन घरभेटीही जड जातात. सभासद कामावरून सुटतात त्या वेळी पाळकांचे काम सुरू होते, आणि नाताळ किंवा ईस्टरला सगळे गावी जातात तेव्हा यांना गावी जाता येत नाही.

९. पाळकांना लग्न करता येते का? त्यांच्या पत्नीचे स्थान काय?

करता येते, आणि बहुतेक जण विवाहित असतात. पाळकीणबाईंकडे कोणतेही पद नसते, परंतु महिला मंडळ, रविवारची शाळा, गायन आणि आल्यागेल्याचा चहा यांची अपेक्षा त्यांच्याकडूनच केली जाते. नेमणूकपत्रात एकाचे नाव आणि कामावर दोघे, असा हा प्रकार आहे. अलीकडे अनेकजणी शिक्षिका, परिचारिका किंवा कारकून म्हणून नोकरी करतात. काही मंडळ्यांना ते खटकते, परंतु प्रश्न ७ मधील स्थिती पाहता ती नोकरीच कुटुंबाचा आधार असते.

१०. स्त्रिया पाळक होऊ शकतात का?

होय. सीएनआय आणि चर्च ऑफ साउथ इंडिया दोन्हींत स्त्रियांना दीक्षा मिळते. दक्षिणेत ई. पुष्पललिता २०१३ मध्ये नंद्यालच्या बिशप झाल्या. सीएनआयमध्ये व्हायोलेट नायक २०२४ मध्ये पहिल्या स्त्री बिशप झाल्या. नियम खुला असला, तरी मंडळ्या मनाने तितक्या खुल्या असतातच असे नाही.

११. रेव्हरंड टिळक, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी हे सगळे अँग्लिकनच ना?

नाही, येथे बराच गोंधळ होतो. नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेचे. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी स्कॉटिश फ्री चर्चचे पाळक होते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन पद्धतीने झाला, परंतु त्यांचे पुढचे केडगावचे मुक्ती मिशन कोणत्याही एका पंथाचे नव्हते. अँग्लिकन दीक्षा घेतलेले ठळक मराठी नाव म्हणजे नीळकंठशास्त्री, पुढे नेहेम्या, गोऱ्हे. काशीत वाढलेल्या या शास्त्र्यांचा बाप्तिस्मा १८४८ मध्ये झाला, पुढे ते काउली फादर्स या अँग्लिकन संन्यस्त मंडळाच्या सहवासात राहिले आणि १८९५ मध्ये निवर्तले. हे मंडळ ज्या पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये काम करीत होते, तेथेच १८९० मध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदींच्या चहापानावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजले. अँग्लिकन पाळकांच्या हातचा चहा मराठी इतिहासात एवढा गाजला, पण तो देणाऱ्यांची चौकशी फारशी कोणी केली नाही.

१२. वायएमसीए, बायबल सोसायटी, सॅल्व्हेशन आर्मी, मिशन हॉस्पिटले हे सारे डायोसिसच्या हाताखाली असते का?

बहुतेक नसते, आणि देणगी देण्यापूर्वी हे नीट समजून घेतलेले बरे. डायोसिसच्या स्वतःच्या शाळा, वसतिगृहे, महिला संघ आणि तरुण संघ यांच्यावर बिशप व कौन्सिल यांची थेट देखरेख असते. वायएमसीए ही १८४४ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली, दीक्षित नसलेल्या सभासदांनी चालविलेली स्वतंत्र संघटना आहे. तिच्या मंडळावर पाळक असू शकतात, पण ती त्यांची नसते. बायबल सोसायटी सर्व चर्चच्या सहकार्याने शास्त्राचे भाषांतर, छपाई आणि वाटप करते. सॅल्व्हेशन आर्मी, जिचे भारतातील काम १८८२ मध्ये मुंबईत सुरू झाले, ही केवळ सेवासंस्था नसून स्वतःच एक चर्च आहे. तिच्यात पाळकांऐवजी कॅप्टन, मेजर असे अधिकारी असतात, आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी केले जात नाहीत. नागपूरची राष्ट्रीय ख्रिस्ती मंडळ्यांची परिषद, जिचा आरंभ १९१४ चा आहे, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चना एकत्र आणते. तिला कोणाही पाळकाची बदली करता येत नाही.

मिशन हॉस्पिटलांचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. मिरजेचे वानलेस हॉस्पिटल १८९४ मध्ये प्रेसबिटेरियन मिशनने उभारले. अशा संस्था मिशन परतल्यावर वेगवेगळ्या ट्रस्टांकडे आणि सोसायट्यांकडे गेल्या. फलकावर क्रूस आहे म्हणून ती डायोसिसची, असा निष्कर्ष काढू नये. नोंदणीपत्रावर कोणाचे नाव आहे ते पाहावे.

१३. गोव्यात ज्यांना 'बिलिव्हर्स' म्हणतात, ते हेच का?

नाही. ते बहुधा पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या) किंवा स्वतंत्र मंडळ्यांचे सभासद असतात. त्यांच्यावर डायोसिसचा अधिकार नसतो आणि त्यांचे पास्टर प्रश्न ६ मधील मार्गाने आलेले असतातच असे नाही.

१४. महाराष्ट्रात पाळकांनी लावलेले लग्न चालते. गोव्यात का चालत नाही?

कारण कायदा वेगळा आहे. महाराष्ट्रात १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार बिशपकडून दीक्षा मिळालेले पाळक विवाह लावू शकतात, आणि इतर पंथांच्या पाळकांना त्यासाठी सरकारी परवाना घ्यावा लागतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी विवाह कायदा चालतो. येथे वधूवरांनी सिव्हिल रजिस्ट्रारपुढे इराद्याची घोषणा करून पहिली सही करायची, नोटिशीची मुदत जाऊ द्यायची आणि दुसरी सही करायची; विवाह कायद्याने होतो तो तेथे. कॅथलिकांना मात्र १९४६ च्या हुकूमनाम्याने सवलत दिलेली आहे. रजिस्ट्रारचा दाखला घेऊन इगर्जीत लागलेल्या त्यांच्या लग्नाला नागरी परिणाम मिळतो. ही सवलत प्रोटेस्टंट विधीला नाही. तेव्हा आधी दोन्ही सह्या उरकाव्यात आणि मग चर्चमधील आशीर्वाद घ्यावा. मांडव घातला, पत्रिका वाटल्या आणि दुसरी सही राहून गेली, असे घडल्याची उदाहरणे दरवर्षी कानावर येतात. लग्नापूर्वी वेगळा करारनामा केला नाही, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते, हेही बाहेरून आलेल्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावे.

१५. मुलगी कॅथलिक, मुलगा सीएनआयचा. कोणाला धर्म बदलावा लागेल?

कोणालाही नाही. दोघेही बाप्तिस्मा घेतलेले असल्याने कॅथलिक चर्च याला मिश्र विवाह मानते, आणि त्यासाठी मुलीला आपल्या बिशपांची परवानगी घ्यावी लागते. आपला विश्वास टिकविण्याचे आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढविण्यासाठी शक्य ते करण्याचे वचन तिला द्यावे लागते. मुलाला त्या वचनाची केवळ कल्पना दिली जाते. विवाह प्रोटेस्टंट चर्चमध्ये करायचा असल्यास वेगळी सूट मागावी लागते, आणि तेव्हा प्रश्न १४ मधील दोन सह्यांचा मार्ग धरावा. पुन्हा बाप्तिस्म्याची गरज नाही. सीएनआय बालकांचा आणि प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मा मान्य करते. एकीकरणात बाप्टिस्ट आणि ब्रेद्रेन सामील असल्याने ही तडजोड १९७० मध्येच करावी लागली.

१६. घरात मृत्यू झाला, तर दफन कोठे करायचे?

गोव्यातील बहुतेक ख्रिस्ती दफनभूमी कॅथलिक पॅरिशच्या (स्थानिक इगर्जीच्या) ताब्यात आहेत, आणि तेथे जागा देणे हे त्या पॅरिशवर अवलंबून असते. स्वतःचा पाळक उपलब्ध नसल्यास बाप्तिस्मा घेतलेल्या अन्य पंथीयाचा अंत्यविधी करण्यास कॅथलिक बिशप परवानगी देऊ शकतात, अशी त्यांच्या कायद्यातच तरतूद आहे. तरीही दुःखाच्या रात्री दारोदार फिरण्यापेक्षा मंडळीने नगरपालिका, पंचायत आणि शेजारच्या पॅरिशशी आधीच लेखी बोलणे करून ठेवावे.

१७. पाळकांना निलंबित केले, तर त्यांनी दिलेला बाप्तिस्मा रद्द होतो का?

होत नाही. दीक्षा कायमची असते आणि नेमणूक तात्पुरती. निलंबनाने जाते ती सेवा करण्याची परवानगी. निलंबनाच्या काळात त्यांनी विधी केल्यास तो शिस्तभंग ठरतो आणि त्याचा जाब त्यांना द्यावा लागतो, बाळाच्या आईबापांना नाही.

१८. आमची मंडळी डायोसिसमधून बाहेर पडू शकते का? इमारत कोणाची?

माणसे केव्हाही बाहेर पडू शकतात. इमारत सहसा पडू शकत नाही, कारण ती मंडळीच्या नावावर नसून ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असते. मात्र उलट बाजूही आहे. गुजरातमधील ब्रेद्रेन मंडळ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असे ठरविले, की केवळ एकीकरणाचा ठराव केल्याने जुन्या सोसायटीची मालमत्ता सीएनआयकडे जात नाही. त्यासाठी सोसायटी आणि ट्रस्ट यांच्या कायद्यांनी घालून दिलेली पद्धत पाळावी लागते. म्हणून १९७० पूर्वी ती जागा कोणत्या मिशनच्या नावावर होती आणि पुढे तिचे हस्तांतर कोणत्या कागदाने झाले, हे आधी तपासावे.

१९. पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद हवी आहे. कोठे शोधावी?

प्रथम ते चर्च शोधावे. जुन्या अँग्लिकन रजिस्टरात एका ओळीत तारीख, बालकाचे नाव, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि विधी करणाऱ्याची सही असे रकाने असतात. व्यवसायाच्या रकान्यात 'हवालदार' किंवा 'बटलर' असे लिहिलेले आढळले, की पुढचा शोध लष्कराकडे न्यायचा की बंगल्याकडे, ते कळते. ब्रिटिश काळात अँग्लिकन चॅप्लिन या नोंदींच्या नकला वरिष्ठांकडे पाठवीत, आणि मुंबई इलाख्याच्या अशा नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एन/३' या क्रमाखाली ठेवलेल्या आहेत. त्यांत युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे अधिक, मराठी कुटुंबे कमी. पणजोबा अमेरिकन किंवा लंडन मिशनच्या मंडळीतले असतील (प्रश्न २ व ११ पाहावेत), तर तेथे वेळ न घालविता स्थानिक मंडळीच्या कपाटातील रजिस्टर पाहावे. जाताना पाळकांना आधी कळवावे आणि अंदाजे साल व आडनाव लिहून न्यावे. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदलले असल्यास जुने नावही.